गजराबाईचा नाटकातला नवरा

ब्रॅम्प्टन, कॅनडा
१३ नोव्हेंबर २०२२

कुंदनच्या नानांस,
गजराचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तुम्हाला पत्र लिहायची वेळ कधी आलीच नाही. माहेरी गेले तरी चार दिवसांत तुम्ही शहाद्याच्या एसटीतून उतरून न्यायला हजर. त्यामुळे मायना काय लिहावा इथंच पेन अडलं. सातवीच्या पुस्तकात वडिलांना, मैत्रिणीला आणि मुख्याध्यापकांना पत्र कसं लिहावं ते होतं. नवऱ्याला नव्हतं. आधी मुख्याध्यापकांचाच मायना लावणार होते, पण मग खाली रजेचा अर्ज लिहावा लागला असता.

फोन आहे तर पत्र कशाला, असं म्हणाल. फोनवर तुम्ही ‘ऐकू येत नाही’ म्हणता, मी ओरडते, बाळ जागं होतं, आणि स्वप्नाली काही न बोलता दार लावून घेते. सून काही बोलली असती तर बरं, असं मला वाटतं. व्हिडिओवर तुमचं कपाळ आणि वरचा पंखा दिसतो. दोन्ही ठीक दिसतात, पण किती वेळ बघणार?

नात गोरीगोमटी आहे, नाक मात्र तुमच्यावर गेलंय. मोठी झाल्यावर काय ते बघू. कुंदन सकाळी अंधारात कामाला जातो नि अंधारात येतो. बाळ झोपलं की मी खिडकीतून शेजाऱ्यांच्या मोटारी मोजत बसायचे, म्हणून त्यानं मला म्हाताऱ्यांच्या इंग्रजी वर्गात घातलं. परवा ‘डॉक्टरकडे जाणे’ हा धडा होता. बाईंनी मला पेशंट केलं. मला इंग्रजी येईना, म्हणून मी डॉक्टरही झाले, नर्सही झाले आणि बाहेर रांगेत खोकणारी माणसंही झाले. वर्ग हसून हसून खुर्च्यांवरून खाली यायचा बाकी होता. एवढी मंडळी माझ्यामुळे हसली की माझ्या इंग्रजीमुळे, ते अजून कळलं नाही.

गावात वरात गेली की मागं राहिलेल्या बायकांत मी धोतर नेसून कोणाकोणाच्या नकला करायचे, ते तुम्हाला ठाऊक नाही. आता मध्ये समुद्र आहे म्हणून सांगते. तुमची सगळ्यांत चांगली जमायची.

लोभ असावा. कमी पडला तर वन्सं तुळशीबाईंकडून थोडा उसना घ्यावा.

आपली,
सौ. गजरा


ब्राह्मणपुरी, ता. शहादा
२० डिसेंबर २०२२

सौ. गजराबाई हिस,
हिलाल पुंडलिक पाटील याचे अनेक आशीर्वाद. पत्र पोचले.

मी आयुष्यभर साखर कारखान्यात वजनकाट्यावर बसलो. गाडीचा नंबर, भरलेले वजन, रिकामे वजन, सही. एवढेच लिखाण झाले. तेव्हा हे पत्र पावतीसारखे वाटले तर चालवून घ्यावे. कानही त्याच कारखान्याच्या भोंग्याला दिले, त्यामुळे फोनबद्दल तू लिहिलेस ते खरे आहे.

तू गेल्यावर दोन दिवस मी स्वयंपाक केला. तिसऱ्या दिवशी मोठी बहीण तुळशीबाई गाठोडे घेऊन राहायला आली. म्हणाली की वास तिच्या घरापर्यंत येत होता. आता मला चुलीच्या खोलीत जायला बंदी आहे. काल चहा करायला गेलो, तर साखरेऐवजी मीठ घातले. कारखान्यात इतकी वर्षे काढलेल्या माणसाला साखर ओळखू येत नाही, हे तिने गल्लीत सांगितले.

थंडी फार पडली. केळीची पाने पिवळी पडत आहेत. रात्री बागेत धूर करतो. केळी कापली की मी येतो. कुंदनला तसे सांग. त्याने आपल्या दोघांचे तिकडे कायम राहायचे कागद इतके धावून मिळवले, आणि आता माझा कागद कपाटात पडून आहे असे तो म्हणतो. केळीला ते कळत नाही.

माझी नक्कल म्हणजे नेमके काय करायचीस? चालण्याची की बोलण्याची? खुलासा करावा.

माझा लोभ आहेच. तो काट्यावर चढवून दाखवता येत नाही, एवढेच.

तुझा,
हिलाल


ब्रॅम्प्टन
५ मार्च २०२३

कुंदनच्या नानांस,
गजराचा नमस्कार, वि. वि.

खुलासा असा की चालण्याची, बोलण्याची आणि पंगतीत ‘बस, बस’ म्हणत ताट पुढं करण्याची. आता पुढचं वाचा, पण आधी खाली बसा.

मी जाहिरातीत काम केलं.

झालं असं, की आमच्या वर्गात हॅना नावाची एक बाई आली. ती नाटकं बसवते, आणि पोटासाठी जाहिरातींना माणसं शोधून देते. तिला ‘भारतीय आजी’ हवी होती. वर्गात आम्ही सात-आठ होतो. बाकीच्या लाजल्या, मीही लाजले, पण माझं लाजणं तिला फार आवडलं. पुन्हा लाजा म्हणाली. मी पुन्हा लाजले. झालं काम.

जाहिरात गुडघ्याच्या मलमाची आहे. आजी जिना चढू शकत नाही, मलम लावते, मग धावत वर जाते. बोलायचं काहीच नव्हतं, फक्त चढायचं. चढा, उतरा, पुन्हा चढा, हसत चढा, कमी हसत चढा. संध्याकाळपर्यंत माझे गुडघे खरोखरच धरले. मी मलम मागितलं, तर डबी रिकामी निघाली. ती दाखवायचीच होती. शेवटी कुंदननं हळद-तेल गरम करून दिलं.

कागदावर माझं नाव नव्हतं. ‘आजी’ असं लिहिलं होतं. स्वप्नाली हसली नाही, पण जाहिरात लागली तेव्हा तिनं दार उघडं ठेवलं आणि तिच्या मैत्रिणीला फोन करून सांगितलं की ‘आमच्या सासूबाई’. आमच्या, असं म्हणाली.

केळी कापली का? लोभ ठेवावा, बागेपेक्षा थोडा जास्त.

आपली,
गजरा


ब्राह्मणपुरी
१८ मे २०२३

सौ. गजरास,
अनेक आशीर्वाद.

पुतण्या धीरजने तुझी जाहिरात कुंदनकडून मागवून घेतली, आणि शहाद्यातल्या त्याच्या मोबाईलच्या दुकानात मोठ्या टीव्हीवर दिवसभर चालू ठेवली. मी तिथे गेलो तेव्हा रस्त्यावर माणसे उभी होती. मला वाटले, मारामारी झाली. पुढे होऊन बघतो, तर तू जिना चढत होतीस.

सांगायला संकोच वाटतो, पण मी तिथे उभा राहून बऱ्याच वेळा बघितली. आवाजाची गरज नव्हती, त्यामुळे मला सगळी समजली. तू वर पोचलीस की हुश्श करतेस, ते मात्र खोटे आहे. आपल्या माडीचा जिना चढल्यावर तू हुश्श करत नाहीस, मला हाक मारतेस.

परिणाम पुढीलप्रमाणे. भावकीतली भिकुबाई रोज मलम मागायला येते. डबी रिकामी असते असे सांगितले, तर म्हणते, मन्हाकरताच कशी रिकामी? एसटी स्टँडवर कंडक्टरने मला ‘मलमवाले नाना’ म्हटले. तुळशीबाईचे म्हणणे एवढेच की धावताना पदर नीट हवा होता.

ऊन भयंकर आहे, बागेला सारखे पाणी द्यावे लागते. माझ्या कागदाची मुदत संपली, असे कुंदनने कळवले. रागावला आहे. मुदत बागेतच संपली म्हण.

लोभ वाढत असावा अशी अपेक्षा. पीक चांगले आहे.

तुझा,
हिलाल


ब्रॅम्प्टन
८ ऑक्टोबर २०२३

कुंदनच्या नानांस,
गजराचा नमस्कार, वि. वि.

कागदाबद्दल मी काही लिहीत नाही. लिहिलं तर पान फाटेल.

इकडची हकिकत. मी टीव्हीच्या मालिकेत झळकले, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत मावळले. पोलिसांची मालिका आहे. एकाचा खून होतो, त्याची आई मी. दारात पोलीस येतो, काहीतरी सांगतो, मी रडायचं. मी म्हटलं, रडणं ना, हे तर येतं. मांडी घालून, ऊर बडवून, मेलेल्याच्या लहानपणापासून सुरुवात करून असा आकांत मांडला, की पोलीस झालेला बिचारा मुलगा पुढचं बोलायचं विसरला आणि माझ्यासाठी पाणी घेऊन आला. दिग्दर्शक म्हणाला की फार छान, आता फक्त दाराला टेकून खाली बघा. म्हणजे त्यांच्यात मुलगा मेला तरी आई खाली बघते. तेवढंच ठेवलं. माझा सगळा आकांत वाया गेला. कागदावर ‘रडणारी बाई’ होते, टीव्हीवर न रडणारी झाले.

आता महत्त्वाचं. हॅना स्वतः एक नाटक बसवतेय. मुलाच्या घराच्या तळघरात राहणारं एक म्हातारं जोडपं, परदेशात आलेलं. पुढच्या वर्षी दिवाळीच्या सुमारास टोरांटोत खेळ, मग बाहेरगावी दौरा. म्हातारीचं काम मला देते म्हणाली. सबंध नाटकभर मी रंगमंचावर. नवऱ्याचं काम करणसिंग करणार. ते लुधियान्याचे, इथं ट्रक चालवायचे, आता निवृत्त. फार हसवतात. परवा त्यांनी हॅनाचीच नक्कल केली. मला माझ्या जोडीचा माणूस भेटल्यासारखं वाटलं.

मला जमेल का?

तुमचं काय म्हणणं, ते लिहावं. लोभाची वाट पाहते.

आपली,
गजरा


ब्राह्मणपुरी
९ नोव्हेंबर २०२३

सौ. गजराबाई हिलाल पाटील यांस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळाले. मजकूर समजला.

जाहिरात ठीक होती. मालिकाही ठीक. परंतु परपुरुषाची बायको होऊन सबंध नाटकभर वावरायचे, हे आपल्या घराण्यात झालेले नाही. गावात ही गोष्ट कुंदनच्या बोलण्यातून धीरजकडे आणि धीरजकडून सर्वांकडे गेली आहे. मारुतीच्या पारावर मला विचारण्यात आले की गजराबाईंचे कॅनडातले नवे यजमान कसे आहेत. मी उठून घरी आलो.

तू नातीसाठी गेली होतीस. नात आता चालते. पुढे काय करायचे, ते तुझे तू ठरवावे. मी परवानगी देणारा कोण.

कळावे.

हिलाल पुंडलिक पाटील


ब्रॅम्प्टन
१२ जानेवारी २०२४

कुंदनच्या नानांस,
नमस्कार, वि. वि.

आपले पत्र मिळाले. नाटकाला नाही म्हणून कळवले आहे. मार्चअखेरचे तिकीट काढायला कुंदनला सांगितले आहे. येताना नातीचे फोटो आणते. इकडे सर्व ठीक. थंडी आहे.

कळावे.

गजरा


ब्राह्मणपुरी
४ फेब्रुवारी २०२४

गजरा,

मायना लिहीत नाही. कोणता लिहावा ते समजत नाही.

तुझे पत्र आले, ते मी ओसरीत उभ्यानेच वाचले. एवढ्यात संपले कसे म्हणून पाकिटात अजून कागद आहे का ते बघितले. मग तुळशीबाईला वाचून दाखवले. तुझे पत्र आले की तिला वाचून दाखवायचे, आणि ती हसत हसत भाकरी करपवायची, अशी इकडे पद्धत पडली होती. या वेळी ती भाकरी थापायची थांबली. म्हणाली, “हाई पत्र गजरानं नही. हाई तुन्हं शे.”

खरे आहे. वजन, रिकामे वजन, सही.

मग ती मला पुष्कळ बोलली. ऐकू येत नाही असे मी दाखवले, तर पुढ्यात बसून बोलली. तिचा नवरा तरुणपणी गेला, तेव्हापासून तिला मोठ्याने हसताना गावाने एकदाच पाहिले. धीरजच्या बापाच्या लग्नात, वरात गेल्यावर, तू माझी नक्कल केलीस तेव्हा. हे मला परवा समजले. मी त्या वरातीत बँडच्या पुढे नाचत होतो, तेही वाईट.

गजरा, पाराचे मी लिहिले, ते खरे होते, पण पुरते नव्हते. पारावरच्या चार माणसांना मी घाबरत नाही. त्यांचे ऊस मी मोजले आहेत. मला भीती वाटली ती ‘फार हसवतात’ या शब्दांची. तुला तिकडे हसवणारा सापडला, तर इकडे परत यायला तुझ्याकडे कारण काय? केळी? मी तुला कधी हसवल्याचे मला आठवत नाही. तू हसायचीस, पण ते माझ्यावर.

कुंदनने धीरजच्या फोनवर कळवले की त्या हॅनाबाईंनी तुझी जागा अजून कोणाला दिलेली नाही. तर जा आणि हो म्हण. तिकीट काढू नकोस. बाग मी धीरजला कसायला दिली. त्याला केळीतले काही कळत नाही, पण मला तरी त्याच्या वयात काय कळत होते. मी येतो. कागदाची मुदत मी घालवली, म्हणून आता पाहुण्याच्या व्हिसावर येईन. स्वतःच्या बायकोकडे पाहुणा म्हणून जायचे, हे मला शोभतेच.

करणसिंग यांस माझा नमस्कार सांगावा. फार हसवू नये असेही सांगावे.

लोभ राहिला असेल तर कळव.

हिलाल


ब्रॅम्प्टन
११ ऑगस्ट २०२४

कुंदनच्या नानांस,
गजराचा पूर्वीसारखाच नमस्कार, वि. वि.

लोभ राहिला आहे का, असं तुम्ही फेब्रुवारीत विचारलंत. नाटकाला हो म्हटल्याचं कुंदननं तेव्हाच फोनवर कळवलं, याचं उत्तर मात्र राहून गेलं. मी मलमाची डबी आहे का रिकामी असायला?

व्हिसाला वेळ लागतोय म्हणून जीव टांगणीला लागला आहे. खेळ ऑक्टोबरमध्ये सुरू होतील. येताना ज्वारीचे बिबडे आणा, भाकरीला कळण्याचं पीठ आणा, आणि कुंदननं घेऊन दिलेलं कानातलं यंत्र खिशात न ठेवता कानात घालून आणा.

तालमी सुरू आहेत, आणि मी रोज पडते. म्हणजे खरंच पडते, काल स्टूल चुकलं. सुरुवातीला हॅना म्हणाली की तू तुझ्या भाषेत बोल, इंग्रजी दोन-चार वाक्यंच ठेवू. मी शाळेतलं मराठी काढलं. स्वच्छ, शुद्ध, पंधरा ऑगस्टच्या भाषणासारखं. ‘अहो, आज बर्फ फार पडला आहे.’ हॅनाला मराठीचं अक्षर कळत नाही, तरी तिनं कपाळाला हात लावला. म्हणाली की तू बोलत नाहीस, वाचतेस. आठवडाभर हेच. मला वाटलं, आता हाकलतात.

मग एक दिवस करणसिंगनी तालमीत माझ्या हातातला खरा चहा खऱ्या अंगावर सांडला. माझ्या तोंडून अहिराणी सुटली. “डोया फुटी ग्यात का तुन्हा? दखाय नही का?” आणि पुढचं लिहिण्यासारखं नाही. मला वाटलं, संपलं. हॅना उठली नि म्हणाली, हे. हे हवं होतं.

तेव्हापासून मी अहिराणीत बोलते आणि करणसिंग पंजाबीत. त्यांना माझं कळत नाही, मला त्यांचं कळत नाही. प्रेक्षकांना यात काही चुकीचं वाटणार नाही असं हॅना म्हणते, म्हातारी जोडपी अशीच असतात. मी तिला तुमच्या कानांबद्दल सांगितलं नव्हतं.

शेवटी नवरा मरतो. तो प्रसंग मला अजून जमत नाही. एकदा आकांत होतो, एकदा नुसतं खाली बघणं होतं. मधलं सापडत नाही.

लवकर या. लोभ आता पत्रानं पाठवू नका, बरोबरच आणा.

आपली,
गजरा


ब्रॅम्प्टन
५ नोव्हेंबर २०२४

प्रिय गजरा,

मायना वाचून दचकू नकोस. घरात कोणी नसताना लिहिला.

तू दौऱ्यावर गेलीस आणि या घरातली म्हातारी आता मी आहे. कुंदन आणि स्वप्नाली कामाला जातात. नात मला ‘नाना’ म्हणते, आणि पुढचे सगळे इंग्रजीत. मला ऐकू येत नाही आणि कळतही नाही, त्यामुळे आमचे चांगले जमते. तिला भात मी भरवतो. काल वरणात मीठ घातले. मीठच घातले, चाखून बघितले. दुपारी खिडकीतून शेजाऱ्यांच्या मोटारी मोजतो.

आता मूळ गोष्ट. तू रागावली आहेस का? मी पोचलो आणि लगेच तुझा टोरांटोतला शेवटचा खेळ. त्यानंतर घरी येऊन तू सामान भरत होतीस, आजूबाजूला माणसे होती, पहाटे तुमची गाडी. बोलणे झालेच नाही. म्हणून लिहितो.

मी नाटक बिघडवले. ते मला ठाऊक आहे. कुंदनने मला तिसऱ्या रांगेत कडेला बसवले होते. यंत्र खिशात होते. नाटक आहे हे मला पूर्ण कळत होते. करणसिंग आदल्या दिवशी घरी येऊन माझे बिबडे खाऊन गेले होते. चांगला माणूस आहे. मला एक शब्द न कळता त्यांनी मला हसवले. ते खरोखर मेले वगैरे मला काही वाटले नाही.

पण नाटकातला नवरा खुर्चीत मान टाकून पडला आणि तू हातातला कप खाली ठेवलास. ओरडली नाहीस. त्याच्या शर्टाचे वरचे बटण लावलेस. मग खाली बसून त्याच्या पायावर हात ठेवून राहिलीस. गजरा, माणूस गेल्यावर मागे बायको काय करते, ते कोणत्या नवऱ्याला बघायला मिळते? मला बघायला मिळाले. ते बटण माझेच होते, मी बाहेर निघालो की तू लावतेस तेच. तुझे खांदे हलायला लागले, तेव्हा माझ्याने बसवले नाही. उठलो आणि म्हणालो, “रडू नको व. मी आठेच शे.”

मला वाटले, हळू बोललो. कुंदनचा चेहरा बघितला तेव्हा समजले की सगळ्या थिएटरने ऐकले. माना वळल्या. स्वप्नालीने माझा सदरा धरून ओढला. तू वर बघितलेस. सरळ माझ्याकडे. आणि काहीतरी बोललीस. ओठ हलले ते दिसले. लोक हसले, मग तुम्ही पुढे चालू केले. शेवटी सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते, त्या मी डोळ्यांनी बघितल्या.

तू काय बोललीस ते कुंदनला विचारले. तो म्हणतो, आईलाच विचारा. स्वप्नाली हसते आणि डोळे पुसते, त्यातून काही निघत नाही. मी आयुष्यात एवढा मोठा अपराध भर सभेत केला आणि त्यावर तू काय म्हणालीस तेही मला ठाऊक नाही. शिव्या असतील तर शिव्या लिही. आता यंत्र कानात घालतो. नात रडली की फार मोठ्याने ऐकू येते.

लोभ कर, माझी मागणी एवढीच.

तुझा,
हिलाल


विनिपेग
१४ नोव्हेंबर २०२४

प्रिय अहो,

तुम्ही ‘प्रिय’ लिहिलंत, तर मला नाव लिहायला हवं होतं. तीनदा लिहून खोडलं. रंगमंचावर सहाशे माणसांपुढं परक्याच्या बायकोचं काम करते, आणि हॉटेलच्या खोलीत एकटी बसून नवऱ्याचं नाव लिहिता येत नाही. अशी मी नटी.

रागावले नाही. तुम्ही उठलात तेव्हा मला आधी वाटलं, तुम्हाला बाथरूमला जायचंय. मग तुमचा आवाज आला. वजनकाट्यावरून ट्रकवाल्याला हाक मारावी तसा. मी पुढचं सगळं विसरले. मेलेल्या करणसिंगनी एक डोळा उघडून मला विचारलं की काय झालं. मी त्यांच्या पायाला चिमटा काढला, तेव्हा ते परत मेले.

मग मी तुमच्याकडे बघून म्हणाले, “माले माहीत शे. बठा आते. लोके तिकीट काढीसन येल शेतस.”

एवढंच. लोकांना शब्द कळले नाहीत, पण बायकोनं नवऱ्याला खाली बसवलं हे जगात कुठंही कळतं, म्हणून ते हसले. मग मी परत त्या पायावर हात ठेवला, आणि जे आठवडेच्या आठवडे जमत नव्हतं, ते कसं कोण जाणे, जमलं. रडले नाही, खालीही बघितलं नाही. तुम्ही बसलात ना नीट, हे बघत राहिले.

पडदा पडल्यावर हॅनानं विचारलं की तो कोण होता. मी सांगितलं, माझा. काय म्हणाला, ते विचारलं, तेही सांगितलं: रडू नको, मी इथंच आहे. मी काय म्हणाले, तेही सांगितलं. मग म्हणाली, तुझं उत्तर आता नाटकात ठेवायचं. म्हणून रोज त्या जागी मी वर बघते आणि तेच म्हणते.

दुसरी गोष्ट. टोरांटोतल्या शेवटच्या खेळाला सिनेमावाली एक बाई आली होती. तिनं उन्हाळ्यात काम देते असं कळवलंय. आजीचं नाही, दुकान चालवणाऱ्या बाईचं. बोलायचंही पुष्कळ आहे आणि कागदावर तिला नाव आहे. मी नाव पुन्हा पुन्हा वाचलं. तुमचं काय म्हणणं, ते लिहा. पण या वेळी ‘सा. न. वि. वि.’ लिहिलंत तर पत्र परत पाठवीन.

पुढच्या आठवड्यात घरी येते. नातीला वरण पातळ लागतं. दुपारी मोटारी मोजू नका, तिला घेऊन बाहेर जा, कानटोपी घालून.

काल इथं तिसऱ्या रांगेत कडेला एक टकले गृहस्थ होते. मी त्यांच्याकडे बघून म्हणाले, माले माहीत शे, बठा आते. ते बसलेलेच होते. मागं वळून बघायला लागले, मी कोणाला सांगतेय म्हणून.

लोभ आहे. तो असू द्यावा.

तुमचीच,
गजरा